ईस्टरच्या आठवड्यात पोलंडच्या खेड्यांत: काजळी, चुना, आंबवण आणि अंडी

दक्षिण पोलंडमधला मावोपोल्स्का प्रांत ऐन ईस्टरच्या आठवड्यात पाहिला तर राजवाडे आणि संग्रहालयांपेक्षा जास्त दिसते ती आवराआवर. लांब हिवाळाभर बंद खिडक्यांआड, चुलीच्या नाहीतर शेगडीच्या उबेत काढलेलं घर या आठवड्यात उघडतात, घासतात, धुतात, रंगवतात. वरून सगळं कॅथलिक, पण खाली बरंच जुनं काहीतरी शिल्लक आहे. मार्झान्ना नावाची गवताची बाहुली म्हणजे हिवाळा. ती गावाबाहेर नेऊन बुडवण्याची प्रथा पंधराव्या शतकातला इतिहासकार यान द्वुगोश यानंही नोंदवली आहे. आता तो कार्यक्रम बहुतेक २१ मार्चला शाळेतली मुलं उरकतात. घरातली खरी तयारी पाम रविवारपासून, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या रविवारपासून सुरू होते, आणि तिचं वेळापत्रक चर्चपेक्षा स्वयंपाकघरात ठरतं. राय या गव्हासारख्या धान्याच्या पिठाच्या आंबवणीला पाच दिवस लागतात, अळिवाच्या रोपांना आठ, चुन्याला कोरडी हवा. उलटं मोजत आलं की कुठल्या दिवशी काय करायचं ते आपोआप ठरतं.

मुक्काम बोख्नियाजवळच्या एका खेड्यात, शेतावरच्या घरगुती निवासात. पोलंडमध्ये याला 'आग्रोतुरिस्तिका' म्हणतात. क्राकूफहून बोख्नियाला रेल्वे आहे, अंतर चाळीसेक किलोमीटर. या आठवड्यासाठी खोली दोन-तीन महिने आधी सांगून ठेवावी आणि 'नाश्ता घरच्यांबरोबर' हेही तेव्हाच विचारावं. ईस्टरच्या सकाळी बाहेर काहीच उघडं नसतं.

पाम रविवार, लिप्नित्सा मुरोवाना

पोलंडमध्ये ताडमाड नाहीत, म्हणून झावळ्यांच्या रविवारी इथं विलोच्या फांद्या नेतात आणि त्यांनाच 'पाम' म्हणतात. विलो म्हणजे आपल्या नदीकाठच्या वाळुंजाचा थंड प्रदेशातला भाऊ. मार्चमध्ये त्याच्या काडीवर पानांआधी राखाडी, लोकरीसारखे मऊ गोंडे येतात. त्यांना 'बाज्ये' म्हणतात. रानात ते वेळेवर येतीलच असं नाही, म्हणून राखेच्या बुधवारी, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळाच्या पहिल्या दिवशी, काड्या तोडून घरात पाण्यात ठेवायच्या. पाम रविवारपर्यंतच्या पाच-साडेपाच आठवड्यांत त्या फुलतात. पाणी दर तीन-चार दिवसांनी बदलावं लागतं, नाहीतर बुंधा बुळबुळीत होतो आणि गोंडे झडतात.

लिप्नित्साला पामची स्पर्धा १९५८ पासून भरते. सकाळी नऊच्या सुमारास चौकात पोहोचलं की लांबलचक, रंगीत, आडवे पाम खांद्यावर घेऊन येणाऱ्या मिरवणुका दिसतात. एकेका पामखाली दहा-बारा माणसं, पुढे एक आजोबा ओरडून दिशा सांगणारे. नियम कडक आहेत. आत लोखंडी तार नको, खिळा नको. विलोच्या लवचीक काड्यांची जुडी, तीही काड्यांनीच बांधलेली. पाम उभा करायचा तो माणसांच्या बळावर, दोर आणि दुबेळकी काठ्या लावून. क्रेन चालत नाही. २०१९ मध्ये इथं ३७.७८ मीटरचा पाम उभा राहिला होता, म्हणजे साधारण बारा मजली इमारतीएवढा.

एवढा उंच पाम मोडतो तो बहुतेक उचलताना. आडवा असताना त्याचं सगळं वजन मधल्या भागावर येतं. जुडी बुंध्याकडून शेंड्याकडे सारखी निमुळती होत गेली नसेल, एखाद्या सांध्यावर एकदम काड्या कमी झाल्या असतील, तर नेमका तिथंच तो वाकतो. म्हणून जाणते लोक काड्यांची टोकं एका रेषेत येऊ देत नाहीत, दर वीतभर अंतरावर नवी काडी आत सरकवतात. दुसरी चूक शेंड्याची. हौसेनं तिथं फुलांचा मोठा गुच्छ लावला की वाऱ्यात तोच त्याला ओढून पाडतो. यंदा दोन पाम अर्ध्यावर मोडले. चौकातून मोठा 'ओऽऽ' उठला, आणि त्या गटातल्या आज्यांनी मोडक्या तुकड्यावरची कागदी फुलं काढून शांतपणे पिशवीत भरली. पुढच्या वर्षाला.

ती फुलं क्रेप पेपरची. पाकळी कापताना कागदाच्या सुरकुत्या पाकळीच्या उभ्या दिशेनं याव्यात, तरच ती आडवी ताणून वाटीसारखी फुगवता येते. कडा पेन्सिलीवर गुंडाळून वळवायच्या. पावसात क्रेपचा रंग सुटतो आणि पांढऱ्या पाकळ्या गुलाबी होतात, म्हणून काही घरांत तयार फूल वितळलेल्या पॅराफिनमध्ये क्षणभर बुडवून झटकतात. मेण फार गरम असेल तर कागद पारदर्शक होतो, थंड असेल तर गोळे बसतात.

घरी न्यायचा पाम हातभर लांबीचा असतो: विलोच्या पाच-सहा काड्या, बॉक्सवुडची हिरवी डहाळी, थोडं ज्युनिपर, वर दोन-तीन कागदी फुलं. चर्चमधून आशीर्वाद घेऊन परतताना तो एकमेकांच्या पाठीवर हलकेच मारतात आणि म्हणतात, 'मी नाही मारत, पाम मारतो; सहा रात्रींनी ईस्टर.' मग तो देवाच्या तसबिरीमागे खोचतात. पूर्वी एक गोंडा गिळायचे, वर्षभर घसा दुखू नये म्हणून. वीज पडू नये म्हणून माळ्यावर ठेवायचे. पुढच्या वर्षी तोच पाम जाळून राखेच्या बुधवारची राख होते.

वेळ काढून गावाच्या कडेचं संत लेओनार्दचं लाकडी चर्च पाहावं. पंधराव्या शतकाच्या अखेरचं, २००३ पासून जागतिक वारसा यादीत. आत बाकं थोडी आणि थंडी भरपूर. अंगावर लोकरीचं काहीतरी हवंच. एप्रिलच्या हवेबद्दल पोलिश म्हण सांगते की हा महिना थोडा हिवाळा, थोडा उन्हाळा घेऊन वेणी घालतो. सकाळी ऊन, दुपारी गारा, हे अगदी नेहमीचं.

सोमवार, मुक्कामाच्या घरी

सकाळी सातला अंगणातून धप्प धप्प आवाज. जुन्या इमारतींच्या आवारात आणि बऱ्याच शेतघरांत 'त्शेपाक' असतो: दोन लोखंडी खांब, वर एक-दोन आडव्या नळ्या. त्यावर सतरंजी टाकून वेताच्या विणलेल्या थापीनं झोडायची. मारताना वाऱ्याच्या बाजूला उभं राहायचं आणि आधी उलटी बाजू झोडायची, म्हणजे धूळ धाग्यांत आत न जाता बाहेर पडते. एरवी या नळ्यांवर मुलं उलटी लोंबकळतात. या आठवड्यात त्यांची पाळी संपलेली असते.

घरातली कर्ती बाई म्हणजे आजी. पोलिशमध्ये घरचे तिला 'बाब्चा' म्हणतात, पाहुण्यांनी मात्र नावाआधी 'पानी' लावायचं. तिची कामाची यादी डोक्यात पक्की होती: छत, भिंती, खिडक्या, शेवटी जमीन. वरून खाली, आतून बाहेर. बुधवारी संध्याकाळपर्यंत संपलंच पाहिजे, कारण गुरुवारपासून चर्चचे तीन दिवस सुरू होतात आणि झाडू हातात घेतलेला शोभत नाही.

गोठ्याला आणि तळघराला अजून चुना देतात. कळीचा चुना विझवून खड्ड्यात किंवा पिंपात महिनोन्महिने मुरू दिलेला असतो, दह्यासारखा घट्ट. तो पाण्यात कालवून दुधाइतका पातळ करायचा. भिंत आधी ओली करायची. कोरड्या भिंतीवर चुना दिला की ती पाणी शोषून घेते, चुना घट्ट बसत नाही आणि नंतर हाताला पांढरी भुकटी लागते. एक जाड हात देण्यापेक्षा दोन-तीन पातळ हात. ओला असताना तो जवळजवळ दिसतच नाही, वाळल्यावर पांढरा होतो. नवखा माणूस 'लागलाच नाही' म्हणून आणखी थापतो आणि आठवड्यात पोपडे निघतात. रात्री पारा पाच अंशांखाली जाणार असेल तर काम पुढं ढकलायचं. थोडी निळ टाकली की पिवळटपणा जातो. जास्त टाकली की घर निळं होतं, आणि या भागातली जुनी लाकडी घरं तशी निळी आहेतही.

संध्याकाळी झुराची बरणी लागली. 'झुर' किंवा 'झुरेक' म्हणजे रायच्या आंबवलेल्या पिठाचं आंबट सूप, ईस्टरच्या नाश्त्याचा कणा. प्रमाण असं: काचेच्या बरणीत जाडसर रायचं पीठ १०० ग्रॅम, उकळून कोमट केलेलं पाणी पाऊण लिटर, लसणाच्या तीन-चार ठेचलेल्या पाकळ्या, दोन तमालपत्रं, ऑलस्पाइस या मिऱ्यासारख्या मसाल्याचे चार-पाच दाणे. नळाचं क्लोरीनचं पाणी तसंच घातलं तर आंबवण सुस्त होते. तोंडावर फडकं, घट्ट झाकण नाही. रोज एकदा लाकडी चमच्यानं तळापासून ढवळायचं, कारण वर तरंगून सुकलेल्या पिठावरच बुरशी धरते. पाचव्या दिवशी वास आंबट आणि ताजा यायला हवा. गुलाबी, काळा किंवा केसाळ ठिपका दिसला तर वरचं काढून खाली वापरायचं नाही, अख्खी बरणी ओतून द्यायची. स्वयंपाकघर गार असेल तर सहावा दिवस लागतो. सोमवारी लावण्याचं कारण हेच, एक दिवस हाताशी राहतो.

खिडकीतल्या ताटलीत कापसावर हिरवी रोपं उगवली होती. 'झेझुखा', म्हणजे आपला अळीव. लाडवात घालतो तेच बी. शनिवारी पेरलेलं. बी एका थरातच पसरायचं. दाट पडलं की चिकट गोळा होतो आणि खालचं कुजून वास मारतो. पाणी ओतायचं नाही, शिंपडायचं. ईस्टरला या हिरवळीवर लोण्याचं कोकरू बसतं, आणि नंतर तीच कात्रीनं कापून अंड्यावर भुरभुरतात.

मंगळवार, झालिप्ये

तार्नूफच्या उत्तरेला तीसेक किलोमीटरवर हे गाव. तार्नूफहून बस कमी, रविवारी तर जवळजवळ नाहीत. गाडी भाड्यानं घेणं बरं. सोमवारी संग्रहालयं बंद असतात हा पोलंडमधला सर्वसाधारण नियम, म्हणून मंगळवार.

झालिप्येची घरं फुलांनी रंगवलेली आहेत: भिंती, विहीर, कुत्र्याचं घर, कोंबड्यांचा खुराडा. फोटो सगळ्यांनी पाहिलेले असतात. पण ती फुलं आली कुठून हे फोटोत कळत नाही. एकोणिसाव्या शतकात इथल्या झोपड्यांना धुराडं नव्हतं. चुलीचा धूर छपरातून निघे आणि भिंती काळ्याकुट्ट होत. सणाआधी बायका त्या काळ्या भिंतीवर चुन्यात बुडवलेल्या कुंच्यानं पांढरे ठिपके, फराटे उठवत. सगळी भिंत पांढरी करण्यात अर्थ नव्हता, आठ दिवसांत पुन्हा काळी. शतकाच्या अखेरीस धुराड्याच्या चुली आल्या, भिंती पांढऱ्या राहू लागल्या. मग उलटं झालं: पांढऱ्यावर रंग. काजळी हाताशी होतीच, तीच रंग झाली. सोबत पिवळी-तांबडी माती. घोळायला सायविरहित दूध किंवा अंड्याचा पांढरा बलक, म्हणजे रंग पुसला जात नाही. कुंचला बर्चच्या काडीचा, टोक ठेचून केलेला, नाहीतर गाईच्या शेपटीच्या केसांचा.

फेलित्सिया त्सुरिवोवा (१९०४–१९७४) या इथल्याच शेतकरी बाईनं हे गाव जगाला दाखवलं. तिचं घर आता तार्नूफच्या संग्रहालयाची शाखा आहे. आत शिरल्यावर नजर आधी वर जाते: छताला 'पायोंक' टांगलेला. रायच्या पोकळ काडाचे बोटभर तुकडे आणि मधे कागदी फुलं दोऱ्यात ओवून केलेलं झुंबर. काड कोरडं असताना कापलं तर फाटतं, कोमट पाण्यात थोडा वेळ भिजवून कापावं. धुरानं काळा पडलेला जुना पायोंक उतरवून नवा टांगायचा, हे सणाच्या तयारीतलंच एक काम.

'दोम मालारेक', म्हणजे चित्रकार बायकांचं घर, इथं दोघी जणी टेबलावर अंडी रंगवत बसल्या होत्या. त्यातली थोरली भिंतीवर आखून रंगवत नाही. आधी मधला गोल, मग त्याला लागून पाकळ्या, पानं शेवटी, मोकळी जागा दिसेल तिथं. 'आखलं की फूल घाबरतं,' एवढंच बोलली. आता रंग डिस्टेंपर आणि ॲक्रिलिकचे, हे ती लपवत नाही. मूळ चुन्याच्या रंगाला दर दोन वर्षांनी हात द्यावा लागे. 'रंगीत घर' ही इथली स्पर्धा १९४८ ची. ती जूनच्या सुमारास कॉर्पस क्रिस्टीच्या सणानंतर भरते. ताजी रंगवलेली घरं पाहायची तर तेव्हा, आणि शांतता हवी तर ईस्टरआधी. ही लोकांची राहती घरं आहेत, अंगणात शिरण्याआधी विचारावं. कुत्री बांधलेली असतात असं नाही.

बुधवार, क्राकूफ

बाजाराचा दिवस. मुख्य चौकातला ईस्टर बाजार पर्यटकांसाठी ठीक. शहरातल्या आज्या जुन्या क्लेपाश मंडईत जातात. तिथं हॉर्सरॅडिशची, म्हणजे किसून खायची झणझणीत तिखट मुळं मातीसकट मिळतात. मूळ घ्यावं ते अंगठ्याहून जाड, वाकवलं तरी न वाकणारं. लवलं तर शिळं, तिखटपणा गेलेला. बाजूला बॉक्सवुडच्या जुड्या, साखरेची कोकरं, टोपलीत घालायचे भरतकाम केलेले पांढरे रुमाल. एका पाववाल्या आजोबांनी कुठून आलात विचारलं, महाराष्ट्र म्हटल्यावर डोकं हलवलं, कोल्हापूर म्हटल्यावर 'वळिवडे!' म्हणाले. दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत हद्दपारीतून सुटलेले सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित १९४३ ते १९४८ या काळात तिथल्या छावणीत राहिले होते. पावाचे पैसे त्यांनी पूर्ण घेतले.

दुपारी पावसात काझिमिएश भागातलं वंशशास्त्र संग्रहालय. १९११ मध्ये स्थापन झालेलं, जुन्या नगरभवनात. शेतघराच्या खोल्या जशाच्या तशा उभ्या केल्या आहेत आणि अंड्यांचे प्रकार शेजारी शेजारी पाहता येतात: एकाच रंगात उकळलेली 'क्राशांकी', रंगवून टोकानं खरवडलेली 'द्रापांकी', मेणानं लिहिलेली 'पिसांकी', कागद किंवा लव्हाळ्याचा गर चिकटवलेली. घाईत असाल तर चौकातला बाजार सोडा, हे सोडू नका.

गुरुवार, अंडी

संध्याकाळच्या प्रार्थनेत 'ग्लोरिया' या स्तोत्राला घंटा वाजतात आणि मग शनिवार रात्रीपर्यंत गप्प. त्याऐवजी लाकडी 'कोवात्का' खडखडतात. गावात मुलांना मोकळं रान.

दिवसभर स्वयंपाकघरात कांद्याच्या सालींचा वास. वर्षभर नाही तरी उपवासकाळापासून साली साठवलेल्या असतात. लिटरभर पाण्याला आठ-दहा कांद्यांच्या साली, मंद आचेवर अर्धा तास, गाळून एक मोठा चमचा व्हिनेगर. अंडी फ्रीजमधून काढून तासभर बाहेर ठेवायची आणि कोमट रंगातच सोडायची. थंड अंडं उकळत्या रंगात टाकलं की तडकतं. दहा मिनिटं उकळलं तर विटकरी, रात्रभर त्याच पाण्यात ठेवलं तर गडद तपकिरी. हिरव्यासाठी रायची कोवळी पाती, काळ्यासाठी आल्डरची साल. खरवडायचं अंडं गडद आणि जाड कवचाचं असावं. चाकूचं टोक दाबायचं नाही, तिरकं धरून ओढायचं.

मेणाचं काम जास्त नाजूक. पेन्सिलीच्या टोकात टाचणी खोचायची, तिचं गोल डोकं मधमाश्यांच्या वितळलेल्या मेणात बुडवायचं, अंड्यावर टेकवून लगेच ओढायचं. थेंब आणि शेपटी, स्वल्पविरामासारखी खूण उठते. दर रेघेला पुन्हा बुडवायचं. रेघ ओली आणि पारदर्शक दिसली तर मेण नीट बसलं. पांढरट, उठून दिसली तर मेण गार होतं, रंगात ते सुटून जाईल. बारीक रेघांसाठी पितळी नरसाळ्याची लेखणी असते, तिला 'किस्त्का' म्हणतात.

यात बिघडतं ते दोन ठिकाणी. पहिलं, बोटांचा तेलकटपणा. जिथं बोट लागलं तिथं रंग धरत नाही, म्हणून अंडं आधी व्हिनेगरच्या पाण्यानं पुसून पुढं कागदी रुमालात धरायचं. व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवलं तर मात्र कवचच विरघळतं. दुसरं, गरम रंग. मेण साधारण ६२ ते ६५ अंशांना वितळतं पण त्याआधीच मऊ पडतं, त्यामुळे रंग थंड किंवा अगदी कोमट हवा. रंगांचा क्रम फिक्याकडून गडदाकडे: पांढरं ठेवायचं ते झाकून पिवळ्यात, पिवळं ठेवायचं ते झाकून तांबड्यात, शेवटी काळ्यात. मग अंडं मेणबत्तीच्या ज्योतीच्या बाजूला धरायचं, वर नाही, वर धरलं की काजळी बसते. मेण चकाकलं की फडक्यानं पुसायचं. त्या क्षणी खालचे सगळे रंग एकदम उघडे होतात, आणि टेबलाभोवती बसलेले सगळे मान पुढे करून बघतात. दर अंड्याला.

शुक्रवार

पोलंडमध्ये गुड फ्रायडेला सरकारी सुट्टी नाही, दुकानं चालू असतात. घरात उपास, मांस वर्ज्य. शाकाहारी माणसाला बाहेर जेवायला हा आठवड्यातला सर्वात सोपा दिवस: बटाटा-चीजचे पियेरोगी (उकडलेल्या करंज्या), कोबी, मशरूम.

काही गावांत पूर्वी या दिवशी झुराचं मडकं फोडत किंवा पुरत आणि हेरिंग मासा झाडाला टांगत. उपासाचे आठवडे हेच दोन पदार्थ खाऊन कंटाळलेल्या लोकांनी काढलेला सूड. डोंगराळ भागात सूर्योदयाआधी ओढ्यावर जाऊन तोंड धुण्याची रीत होती, त्वचा वर्षभर निरोगी राहावी म्हणून.

दुपारी बाबका, म्हणजे यीस्टवर फुगवलेला ईस्टरचा केक. ५०० ग्रॅम मैदा, ९ पिवळे बलक, १२० ग्रॅम लोणी, १२० ग्रॅम साखर, पाव लिटर दूध, ४० ग्रॅम ताजं यीस्ट. एवढ्या बलकांचं आणि लोण्याचं पीठ जड असतं, त्याची पकड कच्ची. फुगवताना गार झुळूक लागली किंवा ओव्हन लवकर उघडला की मधोमध बसतो. साचा अर्ध्यापेक्षा जास्त भरायचा नाही. १७५ अंशांना चाळीसेक मिनिटं. जुन्या काळी बाबका भाजताना स्वयंपाकघराचं दार लावून घेत, पुरुषांना बाहेर काढत, दबक्या आवाजात बोलत, आणि भाजलेला केक पिसांच्या उशीवर निजवून गार करत. यात अंधश्रद्धा किती आणि भौतिकशास्त्र किती हे ठरवणं कठीण. दार बंद ठेवण्याचा फायदा मात्र खरा.

हॉर्सरॅडिश अंगणात किसावं, शक्यतो वारा पाठीशी घेऊन. मुळात तिखटपणा तयार नसतो, पेशी फुटल्यावर तो बनतो. किसल्याबरोबर लिंबू किंवा व्हिनेगर घातलं तर सौम्य राहतो, दोन-तीन मिनिटं थांबून घातलं तर डोक्यात जातो. उकडलेल्या बिटाबरोबर कालवलं की 'च्विक्वा'.

शनिवार, विस्तव आणि टोपली

चर्चच्या अंगणात नवा विस्तव पेटवून त्याला आशीर्वाद देतात. पूर्वी घरातली चूल विझवून याच विस्तवानं पुन्हा पेटवत. दक्षिणेच्या काही खेड्यांत मुलं तारेला झाडावरची लाकडासारखी कडक बुरशी, 'हुबा', अडकवून आणतात. ती पेटत नाही, धुमसते, त्यामुळे विस्तव घरापर्यंत जिवंत पोहोचतो. तार लांब हवी. धूर घरभर फिरवतात.

दिवसभर टोपल्यांची रांग, 'श्वेंत्सोंका'. पांढरा रुमाल, आत अंडी, पाव, मीठ, हॉर्सरॅडिश, हॅम-सॉसेज, बाबकाचा तुकडा, लोण्याचं कोकरू, कडेनं बॉक्सवुड. पाद्री पावावर, मांसावर, अंड्यांवर वेगवेगळी प्रार्थना म्हणतो, मग पाणी शिंपडतो. पुढच्या रांगेतली पोरं मुद्दाम तोंड वर करून उभी राहतात. हे दर अर्ध्या-एक तासानं होतं, वेळा चर्चच्या दारावर लावलेल्या असतात. पाहुण्यांनी रिकाम्या हातानं जाऊ नये, निदान एक अंडं आणि पाव रुमालात घेऊन जावं. टोपलीतलं काही रविवारपर्यंत तोंडात घालायचं नाही.

कोकरासाठी लाकडी साचा रात्रभर थंड पाण्यात भिजवावा लागतो. कोरड्या साच्याला लोणी चिकटतं आणि कोकराचं तोंड आतच राहतं. डोळे मिऱ्याचे.

दुकानं दुपारी दोनला बंद होतात, ती थेट मंगळवारी उघडतात. पाणी, फळं, औषधं आधीच घ्या.

ईस्टर रविवार

पहाटे सहाची प्रार्थना, चर्चला तीन फेऱ्या, घंटा पुन्हा सुरू. घरी परतल्यावर यजमान आजी एक अंडं उभं कापते, प्रत्येकाला फोड, फोडीबरोबर शुभेच्छा. त्याआधी कॉफीसुद्धा नाही.

मग झुरेक. पांढरं सॉसेज उकळवायचं नाही, ऐंशी अंशांच्या आत वीस-पंचवीस मिनिटं. उकळलं की फुटतं. त्याच पाण्यात आंबवण ढवळून ओतायची, एक उकळी, शेवटी हातावर चोळलेला मरवा. शाकाहारींसाठी आजीनं वाळवलेल्या मशरूमच्या पाण्यात वेगळं पातेलं ठेवलं होतं, आणि प्रामाणिकपणे सांगायचं तर तेच जास्त चांगलं होतं. हॉटेलात मागायचं झालं तर 'पोस्तनी झुरेक' म्हणावं.

टरफलं कचऱ्यात जात नाहीत. आशीर्वादित अन्न आहे ते; सून ती चुरून वाफ्यांवर पसरत होती. उरलेलं मीठ एका वाटीत बाजूला.

सोमवार, पाणी आणि काजळी

'श्मिगुस-दिंगुस' म्हणजे भिजण्याचा दिवस. खेड्यात बादल्या, शहरात पिचकाऱ्या. पहाटे शेतकरी पामच्या डहाळीनं शेतावर आशीर्वादाचं पाणी शिंपडतात आणि पामच्याच काड्यांचे छोटे क्रूस बांधावर रोवतात. कॅमेरा प्लॅस्टिकच्या पिशवीत, बुटांचा जादा जोड सोबत.

व्येलिच्काला क्राकूफहून रेल्वेनं अर्ध्या तासाच्या आत पोहोचता येतं. लोक मिठाची खाण पाहायला जातात. या दिवशी शेजारच्या लेद्नित्सा गुर्नाकडे वळावं. तिथं 'शुदा बाबा' फिरते: बाईच्या वेषातला पुरुष, तोंड काजळीनं काळं, पाठीवर टोपली, सोबत चाबूक घेतलेला साथीदार आणि पारंपरिक पोशाखातली टोळी. दंतकथा अशी की जुन्या देवळातल्या अग्नीची राखण करणारी पुजारीण वर्षभर धुऊ शकत नसे आणि वसंतात आपली जागा घेणारी मुलगी शोधायला बाहेर पडे. सापडलेल्याच्या तोंडाला काजळी फासतात. ते भाग्याचं मानतात. आठवडाभर घरातून खरवडून काढलेली काजळी सोमवारी अशी गालावर परत येते. फिकट रंगाचे कपडे घालू नयेत. साबणानं निघत नाही, आधी तेल लावून पुसावी.

दुपारी क्राकूफला परतून नॉर्बर्टाइन मठाजवळची एमाउस जत्रा. जिंजरब्रेडची हृदयं, मातीची शिट्टी, दोऱ्यात ओवलेले छोटे कडक पाव. गर्दीत पाकीट सांभाळा.

मंगळवार, क्राकुसची टेकडी

'रेन्काफ्का'. सोळा मीटर उंचीची ही मानवनिर्मित टेकडी पोद्गुझे भागात आहे. १९३० च्या दशकात तिचं उत्खनन झालं, तेव्हा आत मधोमध खांब आणि त्याच्याभोवती विणलेल्या काड्यांच्या कुडांमध्ये भरलेली माती सापडली. पूर्वी या दिवशी सुखवस्तू लोक वरून अंडी, पाव, नाणी खाली फेकत आणि गरीब मुलं झेलत. आता तिथं जुन्या स्लाव्ह वेषातल्या हौशी मंडळींच्या राहुट्या, लाकडी ढालींच्या लढाया आणि चुलीवरची लापशी. दहाच्या आत वर पोहोचलं तर शहर दिसतं. अकरानंतर फक्त माणसांच्या पाठी.

पोकळ अंडी घरी न्यायची असतील तर मंडईतून अंड्यांचा पुठ्ठ्याचा खोका घ्या, प्रत्येक खणात कापूस, आणि केबिन बॅगेत ठेवा. आत बलक उरलेला नाही ना हे हलवून बघा, नाहीतर मुंबईच्या उन्हाळ्यात ते पंधरा दिवसांत कळतं. सॉसेज आणू नका.

पुढच्या तारखा: २०२७ मध्ये ईस्टर २८ मार्चला, २०२८ मध्ये १६ एप्रिलला. मार्चमधल्या ईस्टरला बाज्ये हमखास, पण चुन्याचं काम थंडीमुळे बहुतेक राहून जातं आणि खेड्यातले रस्ते चिखलाचे. शिवाय २८ मार्च २०२७ ला युरोपात घड्याळं रात्री तासभर पुढं जातात, म्हणजे सहाच्या प्रार्थनेला उठताना शरीराच्या हिशेबानं पाचच वाजलेले असतील. गजर आदल्या रात्रीच तपासून ठेवा.